लहान मशीन, खोल खड्डा

उल्हासनगर वसलं ते लष्करी छावणीवर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैन्यासाठी उभारलेल्या या छावणीत दोन हजारांहून जास्त बराकी होत्या. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांना त्यांत आसरा मिळाला आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या शहराची कोनशिला बसली. पुढे बराकी पाडून त्यांच्या जागी चार-पाच मजली इमारती उठल्या. बराकींमधले बोळ मात्र होते तेवढेच राहिले, आणि ओटे-जिने पुढे आले तिथे आणखी आक्रसले. जेमतेम तेरा चौरस किलोमीटरांच्या या शहरात 2011 च्या जनगणनेत पाच लाखांवर माणसं मोजली गेली.

अशा बोळात नवी गटारवाहिनी टाकायची, जुनी जलवाहिनी बदलायची किंवा धोकादायक इमारत उतरवून नवा पाया घ्यायचा, तर नेहमीचा जेसीबी उपयोगी पडत नाही. तो सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद, वजनाला साडेसात टनांच्या घरात, आणि मागचा हात फिरवायला त्याला आणखी मोकळी जागा हवी. म्हणून बोळाच्या तोंडाशी टेम्पो थांबतो, मागच्या फाळक्यावरून दोन लोखंडी पाट्या जमिनीला टेकतात आणि चेनवरचा मिनी पोकलेन सावकाश खाली उतरतो. मीटर ते दोन मीटर रुंदी, दीड ते पाच टन वजन, वर छप्पर आणि दोन लिव्हर.

अंबरनाथ आणि बदलापूरला बोळांपेक्षा वाढीचा ताण जास्त. 2011 मध्ये अंबरनाथची लोकसंख्या अडीच लाख आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. त्यानंतर कात्रप, शिरगाव, मांजर्ली, बेलवली, चिखलोली या भागांत इमारतींच्या रांगा लागल्या. प्रत्येक इमारतीबरोबर पायाचे खड्डे, पाण्याची टाकी, मलटाकी, गॅसची जोडणी, विजेची केबल आणि रस्त्यापर्यंतचं गटार आलं. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं आणि नव्या चिखलोली स्थानकाचं काम वेगळंच. मोठी मशीनं मोठा खड्डा काढून निघून जातात. लोकांच्या दाराशी चालणारं बारीकसारीक खोदकाम मिनी पोकलेन आणि जेसीबीच्या वाट्याला येतं.

वीस टनांचं मशीन दिसलं की माणूस आपसूक दोन पावलं मागे सरतो. लहान मशीनच्या बाबतीत असं होत नाही. चालू मशीनच्या चेनवर पाय ठेवून तंबाखू मळली जाते, बकेट वर असताना तिच्याखालून शाळेची पोरं पळतात, दुचाकीवाला हॉर्न वाजवून ऑपरेटरलाच बाजूला व्हायला सांगतो. मोठ्या कामावर पत्र्याचं कुंपण असतं, सुरक्षा अधिकारी असतो, फाटकावर हेल्मेटची सक्ती असते. बोळातल्या कामावर यातलं काही नसतं, कारण काम लहान. लहान मशीनचा खरा धोका हाच आहे. ते लहान आहे म्हणून त्याच्याभोवती घ्यायची सगळी काळजी गळून जाते. खड्डा मात्र लहान होत नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका बोळातलं गटाराचं काम जवळून पाहिलं. चर माणसाच्या खांद्याच्या वर गेलेला, कडा उभ्या कापलेल्या. निघालेली माती दुसरीकडे ठेवायला जागाच नव्हती, त्यामुळे ढीग थेट काठावर. चरावर एक फळी टाकलेली आणि तिच्यावरून पाण्याचा हंडा घेऊन बायका ये-जा करत होत्या. ऑपरेटर पंचविशीतला, पायात स्लिपर. मशीनची पाठ आणि घराची भिंत यांत वीतभर अंतर. दर वेळी हात फिरला की पाठ भिंतीजवळून सरकायची. त्या वीतभर जागेतून एक आजोबा भाजीची पिशवी घेऊन निघाले तेव्हा हेल्पर ओरडला, ऑपरेटरने लिव्हर सोडले आणि मशीन थांबलं. आजोबा काही न बोलता पुढे गेले. त्यांच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

ऑपरेटरला मागचं दिसत नव्हतं. पोकलेनचा वरचा भाग पूर्ण वर्तुळात फिरतो. हात आणि बकेट एका बाजूला, त्यांना तोलणारं वजन दुसऱ्या बाजूला. ऑपरेटरची नजर बकेटच्या दातांवर, कारण कामच ते आहे, आणि नेमक्या त्याच वेळी मागचं वजन माणसाला भिंतीशी दाबू शकतं. काही मिनी पोकलेन पाठ चेनच्या बाहेर जाणार नाही अशा बेताने बनवलेले असतात. अशा मशीनला बोळात खरोखर मागणी हवी, पण भाड्याने घेताना ही चौकशी कुणी करत नाही, मिळेल ते मशीन येतं. मग उपाय एकच उरतो. फिरण्याच्या कक्षेत दोरी किंवा जाळी बांधायची आणि एका माणसाने फक्त इशारा देण्याचं काम करायचं. त्याच्या हातात फावडं द्यायचं नाही. फावडं दिलं की तो बिगारी होतो, मग इशारा द्यायला कुणी उरत नाही.

आणखी एक गोष्ट, जी हे मशीन कधी न चालवलेल्या माणसाच्या लक्षात येणार नाही. चेन चालवणारी दातेरी चाकं मशीनच्या मागच्या टोकाला असतात. ती मागे असताना पायाशी असलेले प्रवासाचे लिव्हर पुढे ढकलले की मशीन पुढे जातं. पण खोदताना ऑपरेटर केबिनसह अर्ध्या वर्तुळात फिरला असेल, तर तेच लिव्हर तसेच पुढे ढकलल्यावर मशीन त्याच्या पाठीकडे चालू लागतं. दिवसभर पन्नास वेळा फिरलेल्या माणसाला घाईत हे आठवलं नाही की मशीन चरात जातं किंवा मागे उभ्या माणसाच्या पायावर. जुने ऑपरेटर चालण्याआधी खाली वाकून चेन बघतात, माती लोटायचं पुढचं पातं कुठल्या बाजूला आहे ते पाहतात आणि मगच लिव्हरला हात लावतात. एका नजरेचं काम आहे, पण ते शिकवावं लागतं.

इथे शिकवतं कोण? बहुतेक जण हेल्पर म्हणून ग्रीसगन हातात घेऊन सुरुवात करतात. जेवणाच्या सुट्टीत उस्तादाने बसू दिलं तर लिव्हर हाताळतात, आणि एक दिवस उस्ताद गावी जातो म्हणून मशीन त्यांच्या हाती येतं. त्यांच्यातले कित्येक फार कसबी असतात. बकेटच्या दाताने जलवाहिनीवरची माती वाहिनीला धक्का न लावता खरवडणारा माणूस मी पाहिला आहे आणि त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण उस्तादाला जे अपघात भोगावे लागले नाहीत, ते त्याने शिष्याला शिकवलेले नसतात. हे छोटं यंत्र रुळलं ते जपानमध्ये. नागानो प्रांतातल्या ताकेउची कंपनीने 1971 मध्ये घरांच्या पायाभोवती खोदण्यासाठी असं मशीन बाजारात आणलं. त्या देशात तीन टनांहून हलकं मशीन चालवायलाही कायद्याने विशेष प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि तीन टनांपासून पुढच्या मशीनला त्याहून मोठा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. आपल्याकडे बांधकाम यंत्रांसाठी कौशल्य परिषद आहे, ऑपरेटरसाठी अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्रं आहेत. मात्र मशीन मागवणारा कंत्राटदार ती कधी मागत नाही. चाकांच्या जेसीबीला निदान आरटीओची नोंदणी आणि नंबरप्लेट असते, कारण तो रस्त्यावर धावतो. चेनवरचं मशीन टेम्पोत बसून येतं आणि टेम्पोत बसून जातं. त्याला कुणी अडवून कागद विचारत नाही.

*

आता मातीकडे वळू, कारण जीव जास्त करून माती घेते.

एक घनमीटर ओली माती पावणेदोन टनांच्या आसपास भरते. दोन मीटर खोल चराच्या बाजूचा एक तुकडा सुटला तरी तेवढी माती सहज खाली येते, आणि ती येताना आवाज देऊन येत नाही. माणूस छातीपर्यंत गाडला गेला तर डोकं बाहेर असूनही जीव जातो, कारण श्वास घ्यायला छाती फुलावी लागते आणि भोवतालची माती ती फुलू देत नाही. प्रत्येक श्वास सोडला की माती आणखी आवळते. काही मिनिटांचा हा खेळ असतो.

अशा वेळी जमलेली माणसं ऑपरेटरला ओरडून सांगतात, बकेटने काढ. हे कधीही करू नये. मातीत माणूस कुठे आहे ते दिसत नसतं, आणि मशीनच्या वजनाने व हादऱ्याने चराची दुसरी बाजूही सुटते. मशीन बंद करायचं, काठावरची गर्दी मागे हटवायची, अग्निशमन दलाला बोलवायचं. उरलेल्या बाजूंना आधार दिल्याशिवाय कुणी खाली उडी मारायची नाही. गाडलेल्या साथीदाराला वाचवायला उतरलेला दुसरा कामगारही गाडला जातो, असं जगभर वारंवार घडलं आहे.

हे टाळायचं कसं, ते आपल्याकडे कधीच लिहून ठेवलेलं आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची सुरक्षा संहिता सांगते की दीड मीटर किंवा त्याहून खोल चराच्या बाजू पायऱ्या-पायऱ्यांनी मागे घ्याव्यात, उतरत्या ठेवाव्यात किंवा लाकडी आधाराने घट्ट धराव्यात. निघालेली माती काठापासून दीड मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीएवढी, यांतलं जे जास्त असेल तेवढी लांब टाकावी. 1.2 मीटर खोलीपासून पुढे दर 30 मीटरला निदान एक शिडी हवी आणि ती काठाच्या वर 90 सेंटीमीटर निघालेली हवी. माती वरून खाली कापत जावी, खालून पोखरून वरची पाडू नये. खोदकामाच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक आहे, आयएस 3764, त्याची सुधारित आवृत्ती 1992 ची. नियम सुटसुटीत आहेत. त्यांच्यासाठी फळ्या, बल्ल्या, टेकू आणि दोन-तीन तासांचा वेळ लागतो.

बोळात बाजू उतरती ठेवायला जागा नाही आणि माती लांब टाकायलाही नाही, हे मला मान्य आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष आज काढला जातो त्याच्या अगदी उलटा आहे. जागा नाही म्हणून नियम सोडून चालत नाही. जागा नसेल तर आधार द्यावाच लागतो, माती लगेच भरून बाहेर न्यावी लागते आणि चर एका वेळी थोडाच उघडावा लागतो. सकाळी पाच मीटर उघडायचा, पाईप टाकून संध्याकाळी बुजवायचा, उद्या पुढचे पाच मीटर. काम संथ होतं. बोळातल्या लोकांनाही तेच सोयीचं असतं, कारण रात्री उघडा चर दाराशी राहत नाही.

या पट्ट्यातली जमीनही एकसारखी नाही. वर भराव, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठाला गाळाची माती. मुरूम उन्हाळ्यात इतका घट्ट उभा राहतो की आधाराची गरजच काय असं वाटतं, आणि एक अवकाळी पाऊस पडला की तोच खचतो. जुन्या वस्तीत भराव कशाचा आहे हे कुणाला ठाऊक नसतं. बुजवलेली विहीर निघते, विसरलेली मलटाकी निघते. मिनी पोकलेनचा जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण 0.3 किलो, म्हणजे चालत्या माणसाच्या पावलाखाली पडतो त्याहून जास्त नाही. यामुळे ऑपरेटर बिनधास्त असतो. पण भरलेली बकेट एका बाजूला लांबवली की सगळा भार एका चेनच्या टोकावर येतो, आणि खाली जुन्या टाकीचा कुजलेला स्लॅब असेल तर मशीनसह माणूस आत. नालेसफाईच्या दिवसांत वालधुनीच्या किंवा खेमानी नाल्याच्या काठावर मशीन असंच कडेला टेकलेलं दिसतं. चेन काठाला आडवी ठेवावी, म्हणजे काठ सुटू लागला तर सरळ मागे येता येतं. समांतर उभं केलेलं मशीन कडेबरोबर कलंडतं.

मशीन कलंडतंय असं वाटलं की माणूस बाहेर उडी मारतो. ही उडी जिवावर बेतते, कारण मशीन त्याच बाजूला पडतं आणि छपराचा खांब अंगावर येतो. पट्टा बांधून आत बसून राहिलं तर त्या लोखंडी चौकटीमुळेच माणूस वाचतो. बहुतेक मशीनांत पट्टा असतो. तो बहुधा सीटच्या मागे दुमडून ठेवलेला असतो.

29 मे 2024 च्या रात्री वसई तालुक्यात ससूनवघरजवळ सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेच्या कामावर खोल खड्ड्याची बाजू कोसळली. पोकलेन आणि त्यात बसलेला ऑपरेटर ढिगाऱ्याखाली गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आलं, शोध अनेक दिवस चालला. तो प्रकल्प मोठा होता, मशीन मोठं होतं, यंत्रणा हाताशी होती. कॅम्पातल्या बोळात यातलं काय वेळेवर पोचेल, याचा विचार खड्डा उघडण्याआधी व्हायला हवा. त्याआधीची कोंढव्याची घटनाही विसरण्यासारखी नाही. 29 जून 2019 च्या मध्यरात्रीनंतर पुण्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली आणि 15 जण गेले. पाऊस होता, आणि भिंतीलगत बांधकामाचं खोदकाम झालेलं होतं. उल्हासनगरात एका भूखंडावर पाया खोदताना शेजारच्या इमारतीची भिंत अनेकदा हातभर अंतरावर असते. मे 2021 मध्ये या शहरात दोन इमारतींचे स्लॅब काही दिवसांच्या अंतराने कोसळून माणसं दगावली, ते कमकुवत बांधकामामुळे. अशा कमकुवत इमारतीच्या पायाशेजारी आधाराशिवाय खड्डा काढणं म्हणजे आतल्या सगळ्या कुटुंबांना धोक्यात घालणं आहे.

*

जमिनीखाली काय आहे, हे आपल्या शहरांत कागदावर कमी आणि लोकांच्या आठवणीत जास्त असतं. बदलापुरातून जाणाऱ्या एका रस्त्याचं नावच पाईपलाईन रोड आहे. बारवी धरणाचं पाणी एमआयडीसीच्या वाहिन्यांतून पुढच्या शहरांकडे जातं. त्यात पाणीपुरवठ्याच्या स्थानिक वाहिन्या, महावितरणच्या केबल, महानगर गॅसच्या वाहिन्या आणि दूरसंचार कंपन्यांच्या तारा. प्रत्येकाचा नकाशा वेगळ्या कार्यालयात. आणि खोदणारा ऑपरेटर कालपर्यंत दुसऱ्या शहरात होता.

मार्च 2025 मध्ये अंधेरी पूर्वेला शेर-ए-पंजाब वसाहतीजवळ रात्री जेसीबीच्या खोदकामात महानगर गॅसची वाहिनी फुटली, आग लागली आणि रस्त्यावरून जाणारी माणसं होरपळली. खोदकामाशी त्यांचा काही संबंध नव्हता. अशा घटना टाळण्यासाठी केंद्र सरकारने 22 मार्च 2023 रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केलं. खोदणाऱ्याने जागा आणि वेळ कळवायची, ज्यांच्या वाहिन्या खाली आहेत त्यांना निरोप जातो आणि ते सावध करतात. बेबंद खोदाईमुळे देशाचं वर्षाला सुमारे तीन हजार कोटींचं नुकसान होतं, असं सरकारने तेव्हा सांगितलं होतं. ॲप चांगलं आहे. बोळात काम करणाऱ्या किती मुकादमांच्या फोनमध्ये ते आहे, हे विचारून पाहावं.

ॲप असो वा नसो, हाताने काढलेला चाचणी खड्डा कुणालाही परवडतो. मशीन लावण्याआधी चराच्या रेषेला आडवा, फावड्याने, मीटर-सव्वा मीटर खोल. वाहिनीवर बहुधा इशाऱ्याची प्लास्टिकची पट्टी असते, केबलवर विटा किंवा फरश्या मांडलेल्या असतात. पट्टी, वीट किंवा एकसारखी बारीक वाळू दिसली की बकेट थांबवायची. निसर्गात अशी वाळू अशा जागी नसते, ती कुणीतरी टाकलेली असते.

गॅसची वाहिनी फुटलीच तर इंजिन बंद करून उतरायचं, माणसं लांब न्यायची, विडी-काडी-मोबाईल बाजूला, आणि कंपनीच्या तातडीच्या क्रमांकावर कळवायचं. भोकावर माती लोटून गॅस दाबू नये. तो जमिनीतून वाट काढत शेजारच्या घरात किंवा गटारात साचतो. केबल तुटली किंवा बूम वरच्या तारेला लागली तर उलटं. तिथे उतरायची घाई करायची नाही. मशीन तारेपासून सुटत असेल तर सोडवायचं, नसेल तर वीज बंद होईपर्यंत आत बसायचं. मशीनला आग लागली तरच उडी, तीही दोन्ही पाय जोडून, एकाच वेळी मशीन आणि जमीन यांना न शिवता, आणि मग पाय न उचलता घासत-घासत लांब जायचं. लांब पावलं टाकली तर दोन पायांच्या मधल्या जमिनीतल्या विजेच्या फरकाने झटका बसतो. अमेरिकेत 50 किलोव्होल्टपर्यंतच्या तारांपासून मशीनने दहा फूट लांब राहावं असा नियम आहे. आपल्या बोळांत घरांच्या गॅलऱ्याही तारांपासून एवढ्या लांब नसतात, म्हणून काम चालू असेपर्यंत वीज बंद करून घेणं हाच मार्ग. त्यासाठी महावितरणकडे आगाऊ अर्ज लागतो, आणि तो अर्ज कुणी करायचा हे आधी ठरलेलं असावं लागतं.

*

मशीन तासावर भाड्याने येतं. मीटर चालू झाला की पैसे चालू. चाचणी खड्डा काढायचा वेळ, फळ्या लावायचा वेळ, शाळा सुटली म्हणून दहा मिनिटं थांबायचा वेळ, हे सगळं कंत्राटदाराच्या हिशेबात वाया गेलेलं भाडं. मशीनमालक जागेवर नसतो. कंत्राटदार म्हणतो ऑपरेटर मालकाचा, मालक म्हणतो काम कंत्राटदाराचं, नगरपालिका म्हणते आम्ही ठेका दिला. ऑपरेटरला थांबण्याचा अधिकार देणारा माणूस या साखळीत नाही. अपघातानंतर मात्र पहिलं नाव त्याचंच पुढे येतं. निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूच्या गुन्ह्याला 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या 304-अ मध्ये ती दोन वर्षांपर्यंत होती. शिक्षा वाढली, फळ्या लावायचे पैसे वाढले नाहीत.

बांधकाम कामगारांचा 1996 चा कायदा दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही दहाचाच आकडा आहे. बोळातल्या कामावर ऑपरेटर, हेल्पर, मुकादम आणि चार-पाच बिगारी. कंत्राटदाराची सगळी कामं धरली तर दहाचा आकडा कधीच ओलांडलेला असतो, पण पोटकंत्राटांत तुकडे पडले की प्रत्येक काम कायद्याच्या नजरेआड जातं. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात वर्षातले 90 दिवस बांधकामावर राबलेल्या 18 ते 60 वयाच्या कामगाराला नोंदणी करता येते. कामावर मृत्यू झाल्यास वारसांना पाच लाखांची मदत मिळते. 90 दिवसांचा दाखला ऑपरेटरला कोण देणार, यावर पुन्हा मालक आणि कंत्राटदार एकमेकांकडे बोट दाखवतात.

दसऱ्याला या मशीनांचं रूप पाहण्यासारखं असतं. आदल्या दिवशी धुऊन, पिन-बुशला ग्रीस भरून, बकेटला झेंडूचे हार, चेनला हळद-कुंकू, पुढे नारळ. त्या निमित्ताने ऑपरेटर मशीन जवळून बघतो. कुठल्या होजला ओल आली आहे, कुठली पिन ढिली झाली आहे, आरसा फुटला आहे का, हॉर्न वाजतो का. ही दहा मिनिटांची पाहणी रोज सकाळी व्हायला हवी, आणि होज तपासताना त्यावर हात फिरवायचा नाही. हायड्रॉलिक तेलाचा दाब 200 बारच्या वर असतो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेली धार कातडीतून आत शिरते. वर बारीक टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात सडू लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघायचं, आणि तेल शिरल्याची शंका आली तरी त्याच तासाला रुग्णालय गाठायचं.

बकेटबद्दल मला वेगळं सांगायचं आहे. गेल्या काही वर्षांत नेत्यांच्या मिरवणुकीत जेसीबीच्या बकेटमधून फुलं आणि गुलाल उधळायची पद्धत पडली. माणसं बकेटमध्ये उभी राहतात, मुलांना उभं करतात. त्या हाताला माणूस उचलण्यासाठीचं कोणतंही रोधक नसतं. एक होज फुटला की बकेट खाली येते. नेत्यांनी ही पद्धत बंद करायला हवी, कारण तेच पाहून कामावरचा बिगारी बकेटमध्ये बसून चरात उतरतो.

नियम पाळून घेतले तर फरक पडतो का? अमेरिकेत चर कोसळून 2022 मध्ये 39 कामगार मेले. तपासण्या वाढल्या, दंड वाढले, काही ठिकाणी फौजदारी खटले झाले. 2023 मध्ये हा आकडा 15 वर आला. माती तीच होती.

आपल्या तीन नगर प्रशासनांना यासाठी नवा कायदा नको आहे. निविदेत चराच्या आधाराचा, चाचणी खड्ड्याचा आणि इशारा देणाऱ्या माणसाचा खर्च स्वतंत्र बाब म्हणून दाखवावा, म्हणजे तो कंत्राटदाराच्या नफ्यातून कापला जाणार नाही. अभियंत्याने आधाराचा फोटो पाहिल्याशिवाय त्या दिवसाची नोंद वहीत करू नये. ऑपरेटरचं प्रमाणपत्र आणि मंडळातली नोंदणी बिलाबरोबर मागावी. पोकलेन मालकांनी थांबलेल्या तासाचंही भाडं ठरवून घ्यावं, ऑपरेटरला थांबायची मुभा त्याशिवाय मिळणार नाही.

पावसाळ्यातली खोदाईबंदी संपून दिवाळीनंतर पुन्हा रस्ते उघडायला लागतात. तुमच्या सोसायटीच्या आवारात किंवा दारासमोर मशीन आलं, तर खाली कुठल्या वाहिन्या आहेत हे ठाऊक असलेल्या जुन्या रहिवाशाला मुकादमाशी बोलायला पाठवा. मुलांना फिरत्या हाताच्या कक्षेबाहेर ठेवा. ऑपरेटरला घाई लावू नका. आणि खांद्याएवढ्या खोल चरात फळी-टेकूशिवाय कुणी उतरलेलं दिसलं तर प्रभाग कार्यालयाला फोन करा, मुकादमाला हाक मारा, पण त्याआधी त्या माणसाला वर यायला सांगा.